परग्रहावरचा देव आणि आमची माय

आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी सकाळी मुलांचा वर्ग भरतो. आम्ही पेशाने कारकून. आठवडाभर आवक-जावकच्या रजिस्टरात डोके खुपसून बसायचे आणि रविवारी मुलांना त्रिसरण-पंचशील, थोडे गणित, थोडे विज्ञान आणि बाबासाहेबांच्या चरित्रातील एखादा प्रसंग सांगायचा, असा आमचा गेल्या कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. बी.कॉम. झालेल्या माणसाने विज्ञान शिकवावे हे तसे धाडसच. पण दुसरे कोणी पुढे येत नाही तोवर ते आम्हीच करतो.

अशाच एका रविवारी सूर्यमाला शिकवून झाली आणि सातवीतल्या एका मुलाने हात वर केला.

"काका, दुसऱ्या ग्रहावर आपल्यासारखी माणसं असतील, तर त्यांचा पण देव असेल का?"

मुले खदखदून हसली. कोणी म्हणाले, त्यांच्या देवाला दहा डोळे असतील. कोणी म्हणाले, त्यांचा देव यानातून फिरत असेल. आम्हालाही चेव आला. आम्ही म्हणालो, "अरे, जे लोक ताऱ्याताऱ्यांतून प्रवास करण्याइतके हुशार असतील, ते कशाला देव मानतील? देव अडाणी माणसाला लागतो. बुद्धी आली की देव गेला!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. वाक्य आम्हालाही आवडले. पण तेवढ्यात दाराशी, चपलांच्या बाजूला बसलेली आमची माय उठली. तिने पदर सावरला आणि कोणाशी एक शब्द न बोलता ती घराकडे चालू लागली.

वर्ग संपवून घरी आलो तर माय ज्वारी निवडत बसली होती. आम्ही विचारले, "काय झालं? मधूनच का उठलीस?"

मान वर न करता ती म्हणाली, "काही नाय. अडाणी माणसाचं काय काम तिथं?"

वाचकहो, हे उत्तर आम्हाला का झोंबले ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आमच्या आजोबांनी बाबासाहेबांच्या मागोमाग धम्मदीक्षा घेतली आणि घरातला देव्हारा गोदावरीत सोडला. आमच्या घरात त्यानंतर कधी नारळ फुटला नाही. माय याच घरात सून म्हणून आली. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत. दर पौर्णिमेला विहारात तिचा आवाज सगळ्यांत मोठा.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही आजारी पडलो. प्राणवायूवर अकरा दिवस काढले. आमच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस, आमच्याच वयाचा, सहाव्या दिवशी गेला. आम्ही वाचलो. घरी येऊन महिना झाला आणि मग गावाकडच्या एका पाहुण्याच्या तोंडून कळले की आम्ही दवाखान्यात असताना मायने गावी निरोप धाडून वेशीवरच्या मरीआईला नवस बोलला होता आणि आम्ही बरे होताच तो गुपचूप फेडलाही होता.

आमच्या अंगाचा तिळपापड झाला. आम्ही विहार समितीचे चिटणीस. दुसऱ्यांना नवस-सायास सोडा म्हणून सांगणारे. आणि आमच्याच घरात हे? आम्ही मायला चार माणसांदेखत बोललो. काय बोललो ते इथे लिहिण्याची लाज वाटते. माय ऐकून घेतले तेवढे ऐकून एवढेच म्हणाली, "लेका, म्या देवाला नाय भ्याले. म्या तुह्या मरणाला भ्याले. तवा हाताला जे लागलं ते धरलं."

त्यानंतर तिने विहारात येणे सोडले. दोन वर्षे ती पौर्णिमेला घरीच बसे. हळूहळू पुन्हा येऊ लागली, पण जागा बदलली. आधी ती पहिल्या रांगेत बसे, आता दाराशी. आणि त्या रविवारी आम्ही टाळ्यांच्या नादात तिला दारातूनही उठवले.

हिशेबात एका रुपयाची तफावत आली तरी आम्हा कारकुनांना झोप लागत नाही. सगळी पाने पुन्हा तपासावी लागतात. तसे आम्ही मुलाला दिलेले उत्तर पुन्हा तपासायला घेतले. ते उत्तर खरे होते का? की नुसतेच टाळ्यांचे होते?

पहिली गोष्ट, प्रश्न पोरकट नव्हता. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा परका ग्रह १९९५ साली पहिल्यांदा सापडला. तो शोधणारे स्वित्झर्लंडचे मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांना २०१९ चे नोबेल मिळाले. सप्टेंबर २०२५ पर्यंत अशा ग्रहांची नोंद ६,००० वर गेली. एकट्या आपल्या आकाशगंगेत किमान दहा हजार कोटी तारे आहेत. म्हणजे आपण मोजले ते घागरीतले चार थेंब. त्यांपैकी कुठे जीव आहे असा पुरावा अजून मिळालेला नाही, पण शोध थांबलेला नाही.

या शोधात आपला मराठी माणूसही होता. डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात वारले. ताऱ्यांचे गणित करणारा हा माणूस मराठीतून परग्रहवासीयांच्या गोष्टी लिहीत असे. पण ते नुसत्या गोष्टी लिहून थांबले नाहीत. २००१ सालच्या जानेवारीत त्यांनी आणि इतर भारतीय शास्त्रज्ञांनी हैदराबादहून एक मोठा फुगा आकाशात सोडला, तो ४१ किलोमीटर उंचीपर्यंत गेला आणि तिथली हवा बाटल्यांत भरून खाली आणली. इतक्या उंचीवर सूक्ष्म जीव सापडतात का, सापडले तर ते पृथ्वीवरून वर गेले की बाहेरून खाली येतात, हे पाहायचे होते. २००५ साली पुन्हा फुगा सोडला. त्या नमुन्यांतून जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्याचे २००९ साली जाहीर झाले. ते बाहेरून आले असे मात्र कोणी छातीठोकपणे म्हटले नाही. पुरावा आहे तेवढेच बोलायचे, ही खरी वैज्ञानिकाची रीत. आम्ही त्या रविवारी ही रीत मोडली होती.

दुसरी गोष्ट. 'बुद्धी आली की देव गेला' हे आमचे वाक्य. बुद्धीमुळे देव जातो, हे खरे असते तर पृथ्वीवर बुद्धिमान माणसे देव मानताना दिसलीच नसती. ती तर पावलोपावली दिसतात. यान सोडणारेही नारळ फोडतात आणि शस्त्रक्रिया करणारेही हात जोडतात. मग देवाची कल्पना येते तरी कुठून?

याचे उत्तर शोधताना आम्हाला लोणार आठवले. २०२३ च्या हिवाळ्यात विहारातर्फे आम्ही सहल नेली होती, मायही बरोबर होती. आपल्या शहरापासून लोणार दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, परातीसारखे गोल विवर आणि तळाशी खारे पाणी. काठावर उभे राहिले की माणूस आपोआप गप्प होतो. पूर्वी हे ज्वालामुखीचे तोंड समजत. १९७० च्या दशकात भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी तिथले दगड तपासले, तेव्हा प्रचंड आघाताशिवाय बनत नाही अशी काच त्यांत सापडली आणि आकाशातून आलेल्या एका मोठ्या धोंड्याने हे विवर पाडले हे पक्के झाले.

पण गावात दुसरी कथा आहे. इथे लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली राहत होता. विष्णूने त्याला मारले, तीच ही खोल जागा, आणि पाणी खारे ते त्यामुळेच. विष्णूचे दैत्यसूदन मंदिर गावात आजही उभे आहे, त्याचे कोरीव काम पाहण्यासारखे आहे. आम्ही मुलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि वर म्हणालो, "बघा, पुराणातली भाकडकथा!"

माय तेव्हा हळूच म्हणाली होती, "त्यांला तरी काय ठावं होतं? एवढा खड्डा पाहून कोणी पण म्हणंल, कोणीतरी केला असंल."

तेव्हा आम्ही लक्ष दिले नाही. आता वाटते, परग्रहाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मायने तिथेच दिले होते. 'कोणीतरी केला असंल.' विचार करणारे मन कारण शोधतेच. रानात पाचोळा सळसळला तर वारा असेल म्हणून बसून राहणारा एखाद दिवशी वाघाच्या तोंडी जातो. कोणीतरी आले म्हणून पळणारा शंभरदा फुकट पळतो, पण जगतो. आपण सगळे त्या पळणाऱ्यांची लेकरे आहोत. म्हणून वीज पडली की कोणीतरी टाकली, रोग आला की कोणीतरी धाडला, असे मनाला आधी वाटते. खरे कारण नंतर सापडते आणि त्याला शेकडो वर्षे लागतात. मग ज्या ग्रहावर वादळे आहेत, शिकारी आहेत, आजार आहेत आणि पुढचा विचार करणारे मन आहे, तिथेही असा 'कोणीतरी' जन्माला आला तर नवल कसले? तिथेही धोंडे पडतच असतील.

यापुढचे उत्तर आम्हाला आपल्याच घरात मिळाले, आणि आपण ते किती कमी वाचतो याचे वाईट वाटले. दीघनिकायाचे पहिलेच सुत्त ब्रह्मजाल सुत्त. त्यात तथागतांनी, सृष्टी निर्माण करणारा कोणी आहे ही समजूत कशी तयार होते, हे एका गोष्टीतून सांगितले आहे. आमच्या शब्दांत ती अशी.

जग लयाला जाऊन पुन्हा उलगडू लागते. एक ब्रह्मविमान तयार होते, पण रिकामे. वरच्या लोकातला एक जीव, त्याचे आयुष्य सरल्यामुळे, तिथे येऊन जन्मतो. फार काळ एकटाच राहतो. एकटेपणाचा त्याला कंटाळा येतो, जीव कासावीस होतो. त्याला वाटते, इथे आणखी कोणी यावे. योगायोग असा की त्याच सुमारास इतर जीवांचेही आयुष्य तिकडे सरते आणि तेही इथे येतात. झाले! पहिल्याला वाटते, मी इच्छा केली म्हणून हे आले. म्हणजे यांना मीच निर्माण केले. मी कर्ता, मी पिता. आणि मागाहून आलेल्यांना वाटते, आपण आलो तेव्हा हा आधीच इथे होता, म्हणजे यानेच आपल्याला घडवले. पुढे त्यांतला एखादा या लोकात जन्म घेतो, ध्यानाने त्याला तेवढाच मागचा जन्म आठवतो, त्याच्या मागचे आठवत नाही, आणि तो सांगत सुटतो की कर्ता आहे आणि तो अमर आहे.

यात लबाडी कोणाचीच नाही. त्या पहिल्याने कोणाला फसवले नाही. एकटेपणा, इच्छा आणि योगायोग, एवढ्यावर सगळा डोलारा उभा राहिला. आमच्या कचेरीत एकदा साहेबांची बदली व्हावी असे आम्ही मनात म्हटले आणि दुसऱ्याच दिवशी आदेश आला. दिवसभर आम्हाला आपल्या मनात काही शक्ती आहे असे वाटत होते! बी.कॉम. झालेल्या माणसाची ही गत, तर त्या बिचाऱ्या ब्रह्माची काय कथा?

आणि वाचकहो, या गोष्टीतली एक बाब आजवर आमच्या लक्षात आली नव्हती. या गोष्टीची सुरुवात पृथ्वीवर होतच नाही! ती दुसऱ्या लोकात घडते. बौद्ध ग्रंथांना एकच जग कधी पुरले नाही. अंगुत्तरनिकायात हजार चंद्र आणि हजार सूर्य असलेल्या लोकधातूचे वर्णन आहे. म्हणजे परग्रहावर देव मानला जाईल का या सातवीतल्या पोराच्या प्रश्नाला अडीच हजार वर्षांपूर्वीचे उत्तर आहे. होय, मानला जाऊ शकतो. जिथे एकटेपणा आहे, इच्छा आहे आणि अर्धवट आठवण आहे, तिथे तो कुठेही मानला जाऊ शकतो.

माय दवाखान्याच्या दारापर्यंतही येऊ शकत नव्हती. ती घरात एकटी. तिची इच्छा एकच. तिने नवस बोलला, आणि तिकडे प्राणवायू, डॉक्टर, परिचारिका आणि आमची फुप्फुसे यांनी आपापले काम केले. लेक परत आला. मागोमाग आले म्हणून त्यामुळे आले, असे तिला वाटले. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या आईनेही कोणाला तरी नवस बोललाच असेल. तिचा हिशेब कोणी ठेवला? म्हणून नवस चूकच, हे आम्ही आजही म्हणतो आणि उद्याही म्हणू. पण चूक करणाऱ्याला बुद्धी नाही असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. बुद्धी होती म्हणूनच तर पुढे काय होईल हे तिला दिसत होते आणि म्हणूनच ती भ्याली.

मग सगळ्या ग्रहांवर देव असणारच, असे म्हणायचे का? तसेही नाही. समजूत टिकायला भीती पुरत नाही, ती शिकवणारा वडीलधारा लागतो. समुद्रातला अष्टपाद अतिशय चलाख प्राणी, बरणीचे झाकणसुद्धा फिरवून उघडतो. पण त्याची मादी अंडी उबवून होताच मरते. पिलांना आई नाही, आजी नाही, गोष्ट सांगणारे कोणी नाही. प्रत्येक पिलू नव्याने सुरुवात करते. अशा प्राण्यांचे एखाद्या ग्रहावर राज्य असेल तर तिथे पोथी कुठून येणार? मधमाश्या हजारोंनी एकत्र राहतात, घर बांधतात, वाटा सांगतात, पण त्यांच्या पोळ्यात गाभारा नाही.

आणि लांब कशाला जायचे? आपल्या शहरापासून शंभर किलोमीटरवर अजिंठा आहे. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरातही लेणी आहेत. ज्यांनी कडे कोरून ते विहार उभे केले, त्यांच्या धम्मात देवादिक आहेत, ब्रह्माही आहे, पण तेही आपल्यासारखेच जन्मतात आणि मरतात. जग घडवणारा आणि पापपुण्याचा निवाडा करणारा मालक त्यात नाही. म्हणजे एकाच पृथ्वीवर मालक मानणारेही झाले आणि मालकावाचून मोठे काम करणारेही झाले. मग परग्रहावर एकच काहीतरी असले पाहिजे असा हट्ट आपण का धरावा?

इथवर हिशेब जुळला होता. तरी मन म्हणत होते, अजून एक रकाना रिकामा आहे. तो भरला आमच्या कचेरीच्या रजिस्टरानेच.

माणसाने परग्रहवासीयांना टपाल धाडलेले आहे. जावक नोंद १९७७ ची. २० ऑगस्टला व्हॉयेजर-२ आणि ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१ ही अमेरिकन याने निघाली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. तीत ५५ भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यांत आपली मराठीही आहे. पृथ्वीवरचे लोक तुमचे भले चिंतितात, असा निरोप एका बाईने मराठीतून दिलेला आहे. व्हॉयेजर-१ आज आपल्यापासून अडीच हजार कोटी किलोमीटरच्या आसपास आहे. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या थोडेफार जवळून जायला त्याला आणखी सुमारे ४०,००० वर्षे लागतील. आवकचा रकाना अर्थातच कोरा आहे.

या तबकडीत जगभरातले संगीत आहे. भारताचे म्हणून एकच गाणे आहे, सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी. केसरबाई १८९२ साली गोव्यात फोंडा तालुक्यातील केरी गावी, कलावंत समाजात जन्मल्या. या समाजातल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या नावाने देवळाच्या सेवेशी बांधून ठेवलेले होते. गाणे देवापुढे गायचे, आणि मान मात्र घरंदाज बायकांचा नाही. अशा घरातली ही बाई आपल्या गळ्याच्या जोरावर पद्मभूषण झाली. व्हॉयेजर-१ निघाल्यानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, त्या वारल्या. आता त्यांचा आवाज ताऱ्यांमधून चालला आहे.

त्या गाण्याचे नाव 'जात कहाँ हो'. म्हणजे कुठे निघालास? पण आमच्या मराठी कानाला पहिला शब्द वेगळाच ऐकू येतो. जात? ती इथेही आलीच का? उद्या एखाद्या परग्रहवासीयाने ते गाणे ऐकून विचारले की ही गाणारी कोण, तर आपण काय सांगणार? देवाच्या नावाने आम्ही बायकांना देवळाशी बांधले होते, हे सांगणार का?

इथे आम्हाला कळले की मुलाच्या प्रश्नापुढे आणखी एक प्रश्न उभा आहे, आणि तोच जास्त मोलाचा आहे. ते देव मानतात का, हे विचारून त्यांच्याविषयी फारसे काही कळणार नाही. त्या देवाच्या नावाने ते एकमेकांशी कसे वागतात, हे विचारले पाहिजे.

बाबासाहेबांनी तीन गुरू मानले, बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले. आपण हे शंभरदा ऐकतो, पण या तिघांची देवाविषयीची मते शेजारी शेजारी मांडून पाहतो का? बुद्धांनी कर्ता नाकारला. कबीरांनी निर्गुण राम मानला. जोतीरावांनी निर्मिक मानला. त्यांच्या निधनानंतर १८९१ साली निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त तो निर्मिक पानोपानी आहे. तिघांची तीन उत्तरे! पण माणसामाणसांत उच्चनीच नाही आणि मध्ये दलाल नको, यावर तिघांचे एकमत. बाबासाहेबांनी पुढे धम्म निवडला तो विचारपूर्वक, आणि आमचीही वाट तीच. पण गुरू निवडताना त्यांनी कोणती कसोटी लावली असेल, हे आम्हाला या तीन नावांत दिसते.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब ओंजळभर पाण्यासाठी गेले. जनावराला तिथे पाणी पिता येत होते, आपल्या माणसाला नव्हते. आणि याला आधार म्हणून धर्मच पुढे केला जात होता. त्या दिवशी आकाशातून कोणी परग्रहवासी पाहत असता, तर त्याने आपल्या वहीत काय टिपले असते? या ग्रहावर देव मानतात, एवढेच? की या ग्रहावर माणसे माणसांना पाणी पिऊ देत नाहीत, हे?

पुढच्या रविवारी आम्ही मायला म्हणालो, "आज वर्गाला ये." ती म्हणाली, "पाहू." पण आली. दाराशीच बसली.

आम्ही मुलांपुढे उभे राहिलो आणि म्हणालो, "मुलांनो, मागच्या रविवारी आम्ही चुकीचे उत्तर दिले. हुशार माणूस देव मानत नाही असे म्हणालो. ते खरे नाही. हुशार माणूसही भितो. ज्याला आपल्या माणसाचे मरण आधी दिसते, तो जास्त भितो. आम्ही आजारी होतो तेव्हा आमची माय भ्याली आणि आम्ही तिला समजून न घेता चार माणसांत बोललो. त्याबद्दल आज तुमच्यासमोर तिची माफी मागतो."

वर्गात शांतता झाली. मायने पदर तोंडाला लावला आणि बाहेर पाहू लागली.

मग आम्ही लोणारचा धोंडा आणि त्या एकट्या ब्रह्माची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणालो, "तेव्हा परग्रहावर देव असेल किंवा नसेल. भीती वाटली तर एकमेकांचा हात धरायचा आणि खरे कारण शोधायचे, हे आपल्याला तथागतांनी शिकवले, ते आपण करू. पण परग्रहवासी कधी भेटलेच, तर आपला पहिला प्रश्न हा असेल की तुमच्याकडे सगळ्यांना एकाच पाणवठ्यावर पाणी मिळतं का?"

तोच सातवीतला मुलगा पुन्हा उभा राहिला. "काका, आणि त्यांनी आपल्याला तेच विचारलं तर?"

आम्ही अडलो. आमच्या गावी आता नळ आला आहे, पाणी एक झाले आहे. पण स्मशाने अजून दोन आहेत. हे मुलांना कसे सांगावे, या विचारात आम्ही उभे होतो.

दाराशी बसलेली माय म्हणाली, "खरं हाय ते सांगायचं. पाणी एक झालं, सरण अजून दोन जागी जळतं म्हणावं. उरलेलं काम चालू हाय म्हणावं."

मुलांनी या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती वळून मायकडे पाहत राहिली. पुढच्या पौर्णिमेला आम्ही विहारात पोहोचलो तेव्हा ती आमच्याआधी येऊन बसली होती. पहिल्या रांगेत नव्हे, अजून नाही, पण दारापासून बरीच आत.

जय भीम.